मिरचीच्या झाडाची दृष्ट

मिरचीबद्दल मला शिकवणारा माणूस वऱ्हाडात अजून जन्मायचाय, असं मी अकोटच्या गयासुद्दीनभाईंना तोंडावर सांगितलं! वास्तविक त्यांचा मिरचीचा ठोक धंदा, आणि मी अमरावतीतला एक कारकून. पण माझ्या गच्चीवर दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाची मिरची लागली होती. वाटाण्याएवढी, पिवळीधमक, आणि चवीला चक्क फळासारखी!

"मिरची अन् फळ? गजेंद्रभाऊ, काहीही सांगून राहिले तुमी!"

"रविवारी जेवायला या. रस्सा खाऊन कबूल केलं नाहीत, तर पुन्हा मिरचीचं नाव घेणार नाही!"

झाड एकच, मिरच्या जेमतेम दोन मुठी. त्यात दुसऱ्या तिखटाची भेसळ नको म्हणून घरातली झाडून सगळी मिरची मी शेजारी देऊन टाकली. "अहो, थोडी तरी राहू द्या," बायको म्हणाली. पण मी साधनाचं कधी ऐकलंय!

रविवारी गयासुद्दीनभाईंना एसटी स्टँडवरून घेऊन आलो, तर जिन्यापर्यंत पिकल्या आंब्यासारखा घमघमाट!

"भाऊ, आंब्याची आढी लावली काय?"

"आढी कसली! माझी मिरची!" म्हणत मी ऐटीत स्वयंपाकघरात शिरलो.

रस्सा कुठेच नव्हता. गॅसपाशी सासूबाई उभ्या होत्या. समोर तवा. तव्यात मीठ, मोहरी आणि माझ्या मिरच्या!

"जवाईबापू, झाडाची दोन पानं पिवळी पडली. साऱ्या गल्लीले दाखवत फिरता, दृष्ट लागन नाही तं काय! घरात मिरची नाही, म्हणून झाडाचीच तोडून ओवाळली. पाच जाळल्या, ठसका नाही! दहा जाळल्या, तरी नाही! उलटा गोड वास! एवढी कडक दृष्ट म्या जन्मात नाही पायली!"

"आई, ती मिरचीच तशी आहे! फळासारखी..."

"उतरल्याबिगर मी हटत नाही!" असं म्हणून त्यांनी उरलेल्या सगळ्या मिरच्या एकदम तव्यावर टाकल्या.

आणि ठसका आला! साधना गच्चीवर पळाली. मी खिडकीबाहेर लोंबकळलो. शेजारच्यांनी दारं लावून घेतली. गयासुद्दीनभाई जिन्यात बसून डोळे पुसत होते.

"वास फळाचा, कबूल. ठसका मिरचीचा, हेबी कबूल," ते खोकत म्हणाले. "पण शर्त खायची होती भाऊ!"

साधनानं शेजारून आमचीच मिरची परत मागून आणली आणि ठेचा केला. पानावर बसल्यावर मी खालमानेनं म्हणालो, "साधना, ते... ते हिरवं वाढ जरा." शब्द म्हणजे शब्द! (इथे लिहिताना नाव घेतलंय, ते कृपया अकोटला कळवू नका.)

सासूबाई मात्र खूश होत्या. रिकाम्या झाडाकडे बघत म्हणाल्या, "उतरली! आता कोणाची नजर लागते, पाहतोच मी!"

त्यांचं म्हणणं खरं ठरलं. महिना झाला, त्या झाडाकडे अजून कुणी ढुंकूनही बघितलेलं नाही.