लाँड्रीवाले शेठ ऑफ आहेत

भाऊजींच्या मते त्यांच्यासारखा गुप्तहेर शतकातून एकदाच जन्माला येतो, आणि या शतकाचा कोटा त्यांनी एकट्यानेच संपवला होता. आपली नजर भिंतीच्या आरपार जाते, असं ते सांगत. चष्मा कपाळावर आहे, हे मात्र त्यांना बायको सांगे. मदतनीस म्हणून त्यांनी तिच्याच भावाला बिनपगारी नेमलं होतं.

त्या दुपारी मेव्हण्याची मुलाखत होती. किती तरी अर्जांनंतर आलेली ही पहिली, आणि एकुलती एक बरी पँट लाँड्रीत. दोघं गेले तर शटर खाली.

"शेठ ऑफ आहेत," शेजारचा चावीवाला मान वर न करता म्हणाला.

भाऊजींनी टोपी काढली. "गेले बिचारे."

"कुठे गेले?"

"वर. माणूस ऑफ होतो म्हणजे काय होतं, ठाऊक नाही तुला?"

मेव्हण्याने शेठना फोन लावला. स्विच ऑफ.

"मालकापाठोपाठ फोनही गेला," भाऊजी म्हणाले. मग त्यांना शटरवरची पाटी दिसली: 'कोटांवर पन्नास टक्के ऑफ'. ती त्यांनी दोनदा वाचली. "म्हणजे अर्धा जीव अजून शिल्लक आहे. पळ."

धापा टाकत ते शेठच्या घरी पोचले. शेठची बायको दारात भाजी निवडत होती.

"वहिनी, धीर धरा. शेठ ऑफ आहेत, ते कळलं आम्हाला."

"हो ना, सकाळपासून आडवे पडलेत."

"डॉक्टर?"

"कशाला? दर सोमवारचंच आहे हे."

भाऊजी मेव्हण्याच्या कानाला लागले. "दर सोमवारी शेठ मरतात. मग मंगळवारी गल्ल्यावर बसतो तो कोण? तोतया."

इतक्यात आतून आवाज आला, "अगं, चहा टाकतेस का?"

भाऊजी चौकट धरून खालीच बसले.

"यांना काय झालं?" वहिनींनी विचारलं. "सोमवारी लाँड्रीला सुट्टी असते, एवढंच म्हणाले मी."

मेव्हण्याने पँटची अडचण सांगितली. वहिनींनी खिळ्यावरची किल्ली काढून दिली. "पँट घ्या, शटर नीट ओढा, आणि यांना आधी घरी सोडा."

"आवाज मात्र हुबेहूब काढला तोतयाने," भाऊजी रस्ताभर म्हणत राहिले.

त्यांना घरी सोडायला वेळच उरला नव्हता. मुलाखत चांगली झाली. शेवटी साहेबांनी विचारलं, "वीकली ऑफ कोणत्या दिवशी हवा?"

दार अर्धवट उघडं होतं. बाहेरच्या बाकावरून भाऊजी कान टवकारून उठताना मेव्हण्याला दिसले.

"कुठलाही चालेल, साहेब," तो म्हणाला. "फक्त त्याला सुट्टी म्हणा, आणि जरा हळू म्हणा."