गेंडा लोळायला शिकतो

मुलांनो, ही गोष्ट अगदी खरी आहे. आईशपथ. मी स्वतः पहिल्या रांगेत बसून पाहिली. म्हणजे, माझ्या जागेवर माझा साडू बसला होता. तोही आफ्रिकेत कधी गेलेला नाही. पण गोष्ट खरी.

तर आफ्रिकेतल्या एका जंगलात म्वांबा नावाचा गेंडा होता. तो जंगलाच्या फुटबॉल संघात बचाव सांभाळायचा. त्याला दिसायचं बेताचंच, पण कान तिखट. चेंडू कुठून येणार हे त्याला आधीच कळे. मग तो तिथे जाऊन नुसता उभा राही. समोरचा गडी येई, गेंड्याला बघे आणि परत फिरे.

त्यामुळे त्या बाजूला काही घडतच नसे. मागे गोलात पाणघोडा निवांत घोरत असे.

प्रेक्षक वैतागले.

"हा करतो काय हो?" जिराफकाकू म्हणाल्या. "एवढ्या उंचावरून बघते मी. नुसता उभा!"

कोच होतं बबून माकड. त्याने म्वांबाला बोलावलं. "जंगलांचा चषक जवळ आलाय. असंच चाललं तर तू बाकावर बसशील. तुझ्या जागी शहामृग."

चषकात आपल्या जंगलाकडून खेळायचं, एवढं एकच स्वप्न म्वांबाने लहानपणापासून पाहिलं होतं.

तेवढ्यात काळा चष्मा लावलेला एक तरस आला. तो खेळाडूंना बरे दिवस दाखवायचा धंदा करी.

"म्वांबाभाऊ, तुझं चुकतं कुठे सांगू? तू चूक होऊच देत नाहीस."

"मग काय करू?"

"आधी चेंडू जाऊ दे. मग बोंबलत धाव. मग लोळ."

"पण जाऊ का द्यायचा? मी तिथेच तर असतो!"

"अरे खुळ्या, आग लागल्याशिवाय बंबाला टाळ्या कोण वाजवतं?"

पुढच्या सामन्यात म्वांबाने मुद्दाम हरणाला पुढे जाऊ दिलं. मग धावला. मग एवढं मोठं धूड जमिनीवरून घसरत गेलं आणि गोलाच्या अगदी तोंडाशी त्याने चेंडू उडवला. निम्मं मैदान नांगरून निघालं. जिराफकाकूंना भोवळ आली. एवढ्या उंचावरून पडल्या, तरी पडता पडता म्हणाल्या, "याला म्हणतात खेळ!"

मग काय! बर्फाच्या मुलखातल्या संघाने म्वांबाला नेलं. तिथली पांढरी अस्वलं त्याचं लोळणं पुन्हा पुन्हा बघत. चषकासाठी त्याला मानाने घरी बोलावण्यात आलं.

अंतिम सामना. बरोबरी. शेवटची काही मिनिटं. शेजारच्या जंगलाचा झेब्रा चेंडू घेऊन निघाला.

म्वांबाचे कान टवकारले. पाय आपोआप नेमक्या जागी निघाले. दोन पावलं, की झेब्रा परत फिरला असता.

पण मैदान खच्चून भरलं होतं. म्वांबाने पाय आवरले. झेब्र्याला जाऊ दिलं. मग धावला. मग घसरला. असा घसरला, की आजवर कोणी घसरलं नव्हतं.

धूळ बसली. चेंडू गोलात होता.

"काय झालं?" पाणघोड्याने जांभई देत विचारलं.

त्यालाच संघातून हाकललं.

"पण म्वांबा काय लोळला हो!" सगळं जंगल हळहळलं. बबून म्हणाला, "शेवटपर्यंत जीव तोडून धावला." त्याला धावावं का लागलं, हे कोणी विचारलं नाही. मैदानाच्या दारात त्याचा पुतळा बसवला. आडवा.

त्या संध्याकाळी म्वांबा झाडीत जाऊन एकटाच रडला.

तात्पर्य : राखणदाराने चोराला आधी घरात घ्यावं, मग पाठलाग करावा. दारात नुसतं उभं राहणाऱ्याला लोक विचारतात, हा करतो काय?

आता शपथ घेतलीच आहे, तर सांगून टाकतो. यातलं थोडं मी पदरचं घातलंय. गेंडा, झेब्रा, पुतळा, सगळं खरं. तो रडला, तेवढं मात्र मी रचलं.