धुराडी पाडा, झाकणं लावा

आमचे पगारे काका स्कूटरवर बसण्याआधी, जेवायला बसण्याआधी, एवढंच काय, दाढीला साबण लावण्याआधीही मोठ्याने हुकूम सोडतात, "धुराडी पाडा! झाकणं लावा!" ऐकायला घरात दुसरं कोणी नाही. शेजारी मी ऐकतो आणि तापतो.

मी भंगारवाला. हातगाडीपासून सुरुवात केली. आज नाशकात माझी दोन गोदामं आहेत. भाव करण्यात मला कोणी हरवलेलं नाही. काकांनी हरवलं, कारण ते भावच करत नाहीत. तीन वर्षांपूर्वी त्यांनी माझ्याकडे तांब्याची नळी मागितली. मी दुप्पट सांगितले, त्यांनी मुकाट्याने दिले. चौपट का सांगितले नाहीत, म्हणून मी अजून कुढतो आहे.

त्या नळीची त्यांनी पाणबुडी केली. ओझरला विमान कारखान्यात फिटर होते. दुसऱ्या कोणी विमान केलं असतं. काकांनी दीड हाताची, वाफेवर चालणारी पाणबुडी केली.

"पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी खरंच केली होती, शेठ. आत बॉयलर, वर दोन धुराडी. बुडी मारण्याआधी विस्तव विझवायचा, धुराडी आडवी पाडायची, सगळी भोकं बंद करायची. एक राहिलं की संपलं! शिवाय एकमेकींवर आदळायच्या त्या वेगळ्याच."

"मग असली अवलक्षणी बोट केलीत कशाला?"

"इतकी भोकं बंद करायला किती माणसं लागत असतील!" ते कौतुकाने म्हणाले.

कॉलनीच्या हौदात ती रोज सकाळी धूर सोडत फिरायची आणि काजळी नेमकी माझ्या पांढऱ्या शर्टांवर. शेवटी मी सौदा टाकला. एकदा बुडवून दाखवा. वर आली तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही आली तर बोट माझ्या भंगारात.

"चालेल," काका म्हणाले. नेहमीसारखंच, भाव न करता.

रविवारी एक धुराडं त्यांनी पाडलं, दुसरं मला पाडायला सांगितलं. "झाकण नीट फिरवा, शेठ. घाई नको."

"मला शिकवू नका," म्हणत मी ते नुसतं दाबलं.

बोट खाली गेली. दोन मिनिटांत आपोआप वर यायची होती. पाच झाली. बुडबुडे आले, बोट नाही. "हरलात!" म्हणून ओरडणार, तेवढ्यात मला काकांचा चेहरा दिसला.

"आत माणसं आहेत हो," ते पुटपुटले.

मी पँटसकट हौदात उतरलो.

बोट वर काढून उघडली तशी पाण्याबरोबर पत्र्याची करंगळीएवढी माणसं बाहेर आली. काका एकेकाला शर्टाला पुसू लागले. "हा गांगुर्डे, देवळ्याला असतो. हा शेख, गेला बिचारा. सगळे कारखान्यातल्या आमच्या शॉपचे." शेवटचा ढेरपोट्या होता, हात उगारलेला.

"हा कोण?"

"तुम्ही."

"मी कुठे होतो कारखान्यात?"

"नव्हता. पण आता रोज माझ्याशी बोलायला येतं कोण? तुम्हीच. भांडायला का होईना."

त्यांनी बोट माझ्यापुढे धरली. "घ्या. ठरल्याप्रमाणे."

माझं झाकण अर्धवट लटकत होतं. त्यांना ते दिसत होतं. तरी बोट त्यांनी पुढेच धरून ठेवली.

"झाकण मी नीट लावलं नव्हतं," मी म्हणालो. उभ्या आयुष्यात माझ्या फायद्याचा सौदा मीच मोडल्याची ही पहिली वेळ.

सोमवारी सकाळी शर्ट पुन्हा काळे. मी चहा अर्धा टाकून हौदावर भांडायला गेलो.