पडद्यावरची घरफोडी

माझ्याबद्दल मी स्वतः बोलत नाही, पण दुसरं कुणीच बोलत नाही म्हणून नाइलाज होतो. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून मी पूर्णवेळ गुप्तहेर आहे. शहरातल्या गुन्हेगारांनी माझा एवढा धसका घेतलाय की आजवर एकही माझ्या वाटेला गेलेला नाही. भिंग स्वतःचं आहे.

हे प्रकरण मात्र घरातच घडलं. बायको या वयात फोटोग्राफी शिकते. त्या दिवशी पाचच्या आत तिला वर्गाच्या प्रदर्शनासाठी फोटो पाठवायचा होता, आयुष्यातला पहिला. उशीर झाला तर भिंतीवरची तिची जागा दुसऱ्याला जाणार होती. फोटोत मागे लोंबणारी वायर तेवढी कॉम्प्युटरवर पुसायची राहिली होती. सव्वाचारला तिने मला कौतुकाने बघायला बोलावलं. मी भिंग काढलं, तिच्या डाव्या बाजूला टेबलावर हात टेकून वाकलो, आणि पडद्याच्या कडेची हत्यारांची अख्खी पट्टी नाहीशी झाली. ब्रश, खोडरबर, ड्रॉपर, सगळं साफ.

"अहो, आत्ता इथे होतं," ती म्हणाली.

खिडकी आतून बंद होती, म्हणजे चोर घरातलाच. खिडकीशी सासूबाई स्वेटर विणत होत्या. लेक सकाळपासून आपल्याशी बोललेली नाही अशी त्यांची तक्रार होती, त्यामुळे हेतूही सापडला. सव्वाचारला कुठे होतात, असं मी विचारलं. इथेच, तुमच्या मागे, असं त्या चटकन म्हणाल्या. उत्तर फारच तयार वाटलं. पुढे काही सांगू लागल्या, तेव्हा विचारल्याशिवाय बोलायचं नाही अशी मी समज दिली.

मग मला बायकोच्या वर्गातला तो दातांचा डॉक्टर आठवला. भिंतीवरच्या जागेवर त्याचा डोळा होताच. तो वायरीतून आत शिरला असणार, असं मी जाहीर केलं. वायर फोटोतली आहे, हे बायकोने निदर्शनास आणलं.

ठशांसाठी मी पुन्हा वाकलो, तर पट्टी हजर. माझ्या नुसत्या दराऱ्याने माल परत आला होता. खात्री करायला आणखी एकदा वाकलो, तर पुन्हा गायब. चोर चांगलाच निर्ढावलेला होता.

पाचला दहा कमी होते. बायकोने कीबोर्डच्या शॉर्टकटची वही उघडली, पण तिने अजून अर्धेच उतरवून घेतले होते, आणि हवा तो त्यांत नव्हता. "जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू," असं ती म्हणाली तेव्हा तिचे डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "तो अंगठा उचला बघू."

माझा अंगठा कीबोर्डच्या डाव्या टोकाला, टॅबच्या बटणावर होता. तुम्ही वाकलात की जातं, परत वाकलात की येतं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. बायकोने टॅब दाबलं. पट्टी आली. कंसाचं बटण दाबत तिने ब्रश बारीक केला, वायर पुसली आणि पाचला दोन मिनिटं असताना फोटो रवाना झाला.

"कसा वाटला?" तिने विचारलं.

इतका वेळ मी पडद्याच्या कडाच तपासत होतो. आता मधे पाहिलं. एक गृहस्थ गुडघ्यांवर रांगत पलंगाखाली डोकं घालून काहीतरी शोधत होते, अगदी तल्लीन होऊन, आणि त्यांच्या पाठीवर सुंदर ऊन पडलं होतं. त्यांच्या हातातलं भिंग माझं होतं.

"तीन दिवस मी तुमच्या मागावर होते," ती म्हणाली. "तुम्हाला पत्ता लागला नाही, ते बरं झालं. लागला असता तर ऐटीत उभे राहिला असतात, आणि माझा फोटो बिघडला असता."