विम्याचा धडा आणि मोआखीमामाचा बोकड

रविवारी सकाळी दहा वाजता सेथुन्याने बिझनेस स्टडीजचं पुस्तक सतराव्या धड्यावर उघडलं, आणि अकरा वाजता ते अजून सतराव्या धड्यावरच उघडं होतं. धडा विम्याचा होता आणि पेपर सोमवारी सकाळी आठला. मागणी, पुरवठा, जाहिरात, भागीदारी यांतलं काहीही तिला कुणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने धडाधड सांगितलं असतं. विमा म्हटलं की मात्र डोक्याला कुलूप लागायचं. सराव परीक्षेत त्या एका प्रश्नापायी तिची श्रेणी सीवरून डीवर घसरली होती.

आणि सी तर हवीच होती. मोआखीमामाने स्पष्ट सांगून टाकलं होतं, "सी आली तर गाबोरोनच्या कॉलेजात पाठवतो. डी आली तर मावशीच्या टपरीत बस आणि फोनचं रिचार्ज विक." तिची आई राजधानीत, गाबोरोनला कामाला, त्यामुळे थामागा गावातल्या या घरात मामाचाच शब्द चालायचा, आणि मामा एकदा बोलला की बोलला. मावशीच्या टपरीत सेथुन्याने गेल्या सुट्टीत इतक्या मॅग्विन्या तळल्या होत्या की त्या गोल पिठाळ गोळ्यांचा नुसता वास आला तरी तिला रडू यायचं.

मामा पहाटेच गुरांच्या वस्तीवर गेला होता, परवा येणार होता. घर मोकळं म्हणून वर्गातले सहा जण अभ्यासाला तिच्याकडे जमले. ऑक्टोबर, म्हणजे इथला ऐन उन्हाळा. पत्र्याखाली बसवेना, आणि अंगणातल्या मोरुलाच्या झाडाची सावली दीड माणसापुरती. तेव्हा मोथुसीला युक्ती सुचली. मोथुसीच्या वडिलांचा तंबू-खुर्च्या भाड्याने द्यायचा धंदा होता.

"बाबा कान्येला गेलेत. पांढरा तंबू नुसता पडून आहे. आणू का?"

"आण की!" सगळे म्हणाले. सेथुन्याही म्हणाली, हे इथे नमूद करायला हवं, कारण नंतर ती तसं मान्य करेना.

मोथुसी तासाभरात वडिलांच्या गाडीतून तंबू घेऊन आला. सोबत चाळीस खुर्च्या.

"अरे, आपण सात जण आहोत!" सेथुन्या ओरडली.

"एकात एक अडकल्यात गं. ढीगच्या ढीग उचलला," मोथुसी म्हणाला. मग त्याने त्या सगळ्या सोडवून तंबूत नीट रांगेने मांडल्याही. हाताची सवय, दुसरं काय! चहासाठी बोनोलोने तीन पायांचा मोठा हंडा चुलीवर चढवला, कारण किटली सापडेना.

आता थामागात कुणाच्या अंगणात पांढरा तंबू, रांगेने खुर्च्या आणि चुलीवर मोठा हंडा दिसला तर त्याचे अर्थ दोनच निघतात. लग्न असतं तर गावाला तीन महिने आधी कळलं असतं. पण हे त्या सात डोक्यांत कुणाच्याच आलं नाही. सगळी जागा धड्यांनी व्यापलेली होती.

वर्गात पहिली येणारी बोनोलो प्रश्न विचारायला बसली. "आयुर्विमा. माणूस गेल्यावर सगळ्यात आधी कुणाला कळवायचं?"

सेथुन्या पेनाचं टोपण चावत राहिली.

"अगं, आठव ना. माणूस गेला. आता सगळ्यात आधी कुणाला कळवायचं?"

हा प्रश्न तिला चौथ्यांदा विचारला जात होता. सेथुन्याला टपरी दिसू लागली, कढई दिसू लागली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

नेमकी याच वेळी म्मा-सेलेका कुंपणाजवळून जात होती. म्मा म्हणजे आई, मोठ्या बाईला मानाने म्हणायचं; आणि ही म्मा गावच्या अंत्यविधी मंडळाची, म्हणजे दरमहा वर्गणी घेऊन मयताचा खर्च उचलणाऱ्या मंडळाची, अध्यक्ष. तीस वर्षांत तिच्या देखरेखीशिवाय थामागात कुणी पुरलं गेलं नव्हतं. तिने तंबू पाहिला, खुर्च्या पाहिल्या, हंडा पाहिला, रडणारी पोर पाहिली. कुणाला कळवायचं, हा प्रश्नही ऐकला. ती फाटक ढकलून आत आली.

"अगं लेकरा, कुणाला कळवायचं म्हणून काय विचारता? मी काय मेले होते का? आधी मलाच कळवायचं!"

"म्मा, तसं काही नाही, आम्ही इथे—" सेथुन्या डोळे पुसत उठली.

"काही बोलू नकोस. बोलून दमशील." म्मा-सेलेकाने तिला छातीशी धरलं. म्मा-सेलेकाच्या छातीशी धरलेल्या माणसाला बोलता येत नाही. श्वासही बेताचाच घेता येतो.

कोण गेलं, असं तिने विचारलं नाही. कुणीच विचारत नाही. दुःखाच्या घरी जाऊन तसं विचारणं म्हणजे शुद्ध गावंढळपणा. संध्याकाळच्या प्रार्थनेला घरातला मोठा पुरुष उठून सगळं सांगतो, तोवर आपण लाकडं आणायची, चहा करायचा आणि मान खाली घालून बसायचं. ही रीत फार चांगली आहे. फक्त त्या दिवशी ती अंगाशी आली.

अर्ध्या तासात खांद्यावर शाली आणि डोक्याला रुमाल बांधलेल्या पंधरा बायका अंगणात आल्या. प्रत्येकीच्या डोक्यावर लाकडाची मोळी. मंडळाची भांडी आली, पिठाची परात आली. मोथुसीने धीर करून तोंड उघडलं, "म्मा, आम्ही इथे अभ्यास करत होतो..."

"घरात काय चाललंय आणि याला पुस्तकं सुचतायत!" म्मा-सेलेकाने त्याच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं आणि चुलीला वारा घालायला दिलं. "जा, पाणी भर."

"तू सांग ना त्यांना, तुझं घर आहे," बोनोलो सेथुन्याच्या कानात कुजबुजली.

"तू सांग. तू हुशार आहेस."

"मला फक्त पुस्तकातलं येतं."

एवढ्यात दोघी बायकांनी सेथुन्याला धरून घरात नेलं, जमिनीवर गादी घातली, तिला भिंतीशी बसवलं आणि अंगावर जाड शाल टाकली. घरातल्या दुःखी बाईची जागा तीच. बाहेर अडतीस अंश, आत पत्रा आणि वर शाल. दोन्ही बाजूंनी दोन म्हाताऱ्या तिची पाठ थोपटू लागल्या.

"म्मा," ती काकुळतीला येऊन म्हणाली, "उद्या माझा पेपर आहे हो!"

"ऐकलंत का बायांनो!" डावीकडची म्हातारी गदगदून म्हणाली. "आणि उद्याच हिचा पेपर! देवा, हिच्यावरच का रे असली वेळ आणलीस?" हे ऐकून दारातल्या चार जणी खरोखरच रडू लागल्या, आणि त्यांचं रडणं ऐकून सेथुन्याही रडली. पेपरसाठी रडत होती, पण ते कुणाला कळणार?

चार वाजता मोआखीमामा आला. वस्तीवर त्याला शेजाऱ्याचा फोन गेला होता, "घरी ये. तुझ्या दारात तंबू लागलाय." मामाने कोण, काय, कसं, काही विचारलं नाही. तो रीतीचा माणूस. अंगणाबाहेर त्याने टोपी काढली, आत येऊन पुरुषांच्या रांगेत बसला आणि जमिनीकडे बघत राहिला. आपल्या घरातलं कुणीतरी गेलं एवढं उघड होतं. कोण, ते योग्य वेळी सांगतीलच. सेथुन्या घरात शालीखाली होती, त्यामुळे ती त्याला दिसली नाही. आणि ती दिसत नाही हे जसजसं त्याच्या लक्षात येऊ लागलं, तसतसा त्याचा चेहरा उतरत गेला.

खिडकीतून सेथुन्याला तो दिसत होता. तिच्यासमोर आयुष्यात कधी न रडलेला मामा टोपीत तोंड खुपसून रडत होता. ती उठू लागली, तर दोन्ही म्हाताऱ्यांनी तिला खाली दाबलं. "बस गं. पाय थरथरतायत तुझे."

मामाने डोळे पुसले आणि शेजारच्याला म्हणाला, "लोक लांबून आलेत. माझा काळा बोकड घ्या." त्या बोकडावर मामाचा भारी जीव. सेथुन्याला ऐकू येईपर्यंत बोकडाचं जे व्हायचं ते होऊनही गेलं.

पाच वाजता पाद्रीबाबा आले. चाळीस खुर्च्या भरल्या होत्या, लोक उभे होते. गाणं झालं. बाबा म्हणाले, "आता घरातल्या मोठ्यांनी उठावं आणि आपलं माणूस कसं आजारी पडलं, कसं गेलं, ते सांगावं."

सगळ्या माना मामाकडे वळल्या. मामा उठला. टोपी हातात फिरवत उभा राहिला. "बाबा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मी आत्ताच वस्तीवरून आलोय. मीही तेच ऐकायला बसलोय."

लोकांनी म्मा-सेलेकाकडे पाहिलं. म्मा-सेलेकाने मागे पाहिलं, पण मागे कुणी नव्हतं.

आता मात्र सेथुन्या दोन्ही म्हाताऱ्यांच्या हातून निसटली आणि शालीसकट अंगणात आली. "कुणीच गेलं नाहीये! आम्ही अभ्यासाला बसलो होतो. ऊन होतं म्हणून तंबू लावला. मी सांगत होते, कुणी ऐकलंच नाही!"

मामाने तिच्याकडे पाहिलं. टोपी खाली पडली. त्याने तिला दोन्ही हातांनी असं काही धरलं की तिच्या बरगड्या दुखल्या. मग सोडलं आणि विचारलं, "मग माझा बोकड?"

म्मा-सेलेका कमरेवर हात ठेवून पुढे आली आणि सगळ्या थामागाला ओळखीच्या असलेल्या आवाजात सुरू झाली.

"पोरी, ऐकून घे! आमच्या मंडळात शिरताना माणूस शब्द देतो. वय खरं सांगायचं, आजार असला तर सांगायचा, काही म्हणजे काही लपवायचं नाही. लपवलं की मंडळ त्याला ओळखत नाही. आणि तू दुपारपासून गादीवर बसून लपवतेस?"

"परम विश्वासाचं तत्त्व! सतरावा धडा," बोनोलो पुटपुटली.

"आणि मंडळात नाव कुणाचं घालता येतं? जो गेला तर आपलं खरंच काही बुडेल त्याचं! मी उद्या पाद्रीबाबांचं नाव घातलं तर चालेल का? ते गेले तर माझं काय जाणार आहे?" पाद्रीबाबा खुर्चीत जरा हलले.

"विमायोग्य हित!" मोथुसी ओरडलाच.

"आणि मंडळ माणसाला होता तिथे परत आणून ठेवतं. वर चढवत नाही! मोआखीचा बोकड गेला तर त्याला एक बोकड मिळावा. दोन नाही!"

"कोण देणार?" मामाने आशेने विचारलं.

"ते नंतर बघू."

"भरपाईचं तत्त्व," असं कुणीतरी म्हणालं, आणि ते आपणच म्हणालो हे सेथुन्याला एका क्षणाने कळलं. डोक्यातलं कुलूप खटकन उघडलं होतं. हेच होय ते? हे तर म्मा-सेलेका गावात रोज ओरडून सांगते! तिने शाल फेकली, कुणाच्या तरी हातातलं पेन ओढलं आणि खाली बसली. "म्मा, जरा सावकाश! एकाच गावात एकदम खूप माणसं गेली तर मंडळ काय करतं?"

म्मा-सेलेका थबकली. सातही पोरं पेनं सरसावून तिच्या तोंडाकडे बघत होती. तीस वर्षांत तिचं बोलणं लोकांनी घाबरून ऐकलं होतं, वैतागून ऐकलं होतं, पण लिहून कुणी घेतलं नव्हतं. तिने रुमाल नीट केला, खुर्ची ओढून घेतली आणि म्हणाली, "चांगलं विचारलंस. तर मग शेजारच्या गावच्या मंडळाशी आमचं बोलणं असतं. त्यांनी आमचा थोडा भार घ्यायचा, आम्ही त्यांचा." पुनर्विम्याचं ते अख्खं पान दोन वाक्यांत संपलं.

प्रार्थनेला माणसं जमलीच होती, तेव्हा पाद्रीबाबांनी ती वाया जाऊ दिली नाही. "देवा, आज या अंगणात आम्ही डी श्रेणीला मूठमाती देत आहोत," ते म्हणाले, "ती पुन्हा उठू देऊ नकोस." सगळ्या गावाने आमेन म्हटलं. मग बोकड वाढला. उत्तम शिजला होता. मामानेसुद्धा दोनदा घेतला, दोन्ही वेळा उसासा टाकून.

सोमवारी आठ वाजता सेथुन्याने प्रश्नपत्रिका उलटली. पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, शेवटचं वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. विमा कुठेच नव्हता. एका गुणाचाही नाही. सगळं गाव, पाद्रीबाबा, चाळीस खुर्च्या आणि एक काळा बोकड ज्या धड्यापायी कामी आले, तो धडा परीक्षेला आलाच नव्हता.

मग तिने शेवटचा, पंधरा गुणांचा प्रश्न नीट वाचला. 'संस्थेत माहिती वेळेवर आणि योग्य व्यक्तीपर्यंत पोहोचली नाही तर कोणकोणते नुकसान होते? तुमच्या परिसरातील एक उदाहरण देऊन स्पष्ट करा.'

सेथुन्याने मान वर केली. दोन रांगा पुढे बोनोलोचे खांदे गदगदा हलत होते. खिडकीजवळ मोथुसी तोंडात रुमाल कोंबून बसला होता. तिने पेन उचललं आणि लिहायला सुरुवात केली, ती तीन पुरवण्या संपेपर्यंत थांबली नाही.

फेब्रुवारीत निकाल लागला. फोनवरचं ते एक अक्षर मामाने चष्मा लावून वाचलं, चष्मा पुसून वाचलं, शेजाऱ्याला बोलावून वाचून घेतलं. बी होतं. त्याने फोन तिच्या हातात परत दिला. मग म्हणाला, "कॉलेजसाठी पेटी लागेल तुला. उद्या जाऊन घेऊ." आणि जरा वेळाने, सहज विचारल्यासारखं करून, "त्या शेवटच्या प्रश्नात सगळं लिहिलंस म्हणे. बोकड पण?"

"हो, मामा. प्रत्यक्ष नुकसान म्हणून."

"आणि मी रडलो ते?"

"तेही लिहिलं."

"अगं, ते कशाला लिहायचं? परीक्षक काय म्हणेल?"

"काय करू मामा," सेथुन्या म्हणाली, "उदाहरणालाच पाच गुण होते."