वेम्बली म्हणजे सहा महिने

रशीदचाचा टीव्हीवर फुटबॉलची मॅच बघतात, पण चेंडूकडे बघत नाहीत. गोल झाला की चहाच्या हॉटेलात सगळे उठून ओरडतात आणि चाचा वैतागतात. "बठा रे भो! ते बी उभा, तुमी बी उभा. माले खुर्च्या दिखत नहीत!"

चाचांचा धंदा मंडप-डेकोरेशनचा. नंदुरबारपासून रनाळ्यापर्यंत लग्न असो की शोकसभा, खाली पांढरी प्लास्टिकची खुर्ची चाचांचीच, पाठीवर लाल रंगात 'र'. एकूण पाचशे. फुटबॉलच्या संघात किती खेळाडू असतात हे त्यांना मीच सांगितलं. म्हणाले, "अकराच? त्यास्नासाठे इतल्या खुर्च्या?"

पण जगातलं कुठलंही मोठं स्टेडियम काढा, आकडा तोंडपाठ. आणि आकड्यामागोमाग महिने.

"प्याँगयाँग, एक लाख चौदा हजार. साडेसात महिना. बार्सिलोना, नव्व्याण्णव हजार. साडेसहा. वेम्बली, नव्वद हजार. सहा महिना, बराबर!"

"कसले महिने, चाचा?"

"तुन्हा कामना नहीत."

मी समजलो, खुर्च्या लावायला लागणारे महिने. माझं रक्त लगेच उसळलं. सहा-सहा महिने खुर्च्या उचलणाऱ्या मजुरांना मिळतं काय? यावर पत्रक काढतो म्हणालो, तर चाचा इतके हसले की चहा नाकातून आला.

ब्राझीलच्या माराकानाचं नाव काढलं की मात्र त्यांचा चेहरा उतरतो. तिथं म्हणे एके काळी दोन लाखांच्या आसपास माणूस उभ्याउभ्या मावायचा. खुर्च्या टाकल्या आणि गर्दी निम्म्याहून कमी झाली.

"म्हणजे तुमचा धंदाच जनतेच्या विरोधात आहे!" मी ठणकावलं.

"उभा माणूस पळी जास रे," चाचा म्हणाले. "बठेल माणूसले तुन्हं भाषण ऐकनं पडस."

भाषणाचा प्रसंग लवकरच आला. आमच्या भागातलं एकुलतं एक खेळायचं मैदान, तिथं दुकानांचे गाळे काढायचा घाट घातला गेला. मी पेटलो. पत्रक छापलं: 'हजारोंच्या संख्येने सामील व्हा!' सभेला कोण किती येतं हे बघायला वरून एक माणूस यायचा होता. गर्दी दिसली नाही तर मैदान गेलंच. मी चाचांकडे पाचशेच्या पाचशे खुर्च्या मागितल्या.

"साठ लावूत."

"चाचा, हा लढ्याचा अपमान आहे! जगातल्या लाख-लाख खुर्च्या तुम्हाला पाठ, आणि आम्हाला साठ?"

"तठे लोके येतस, बेटा."

मी त्यांच्याशी भांडलो. त्यांच्या अंगणात उभा राहून घोषणा दिल्या. पाचशे लागल्या.

माणसं आली बासष्ट. त्यात एक भजीवाला.

मी भाषण डोळे मिटून करतो. डोळे उघडे ठेवून मला नीट संतापता येत नाही. अर्ध्या तासानं 'मैदान आमच्या हक्काचं' म्हणत डोळे उघडले, तर समोर एकही खुर्ची रिकामी नाही! भजीवालासुद्धा बसलेला. वरून आलेला माणूस मोबाईलवर फोटो काढत होता. फोटोत खुर्च्या गच्च भरलेल्या. आठवडाभरात गाळ्यांचा विषय पुढे ढकलला गेला, तो अजून पुढेच आहे.

सभा संपवून मी छाती काढून मंचामागे गेलो. तिथं टेम्पोत चारशे अडतीस खुर्च्या रचलेल्या, आणि घामानं भिजलेले चाचा चाकाला टेकून धापा टाकत होते. मी डोळे मिटून ओरडत होतो तेव्हा ते मागून एकेक खुर्ची उचलत होते.

"चाचा, ही जनतेची दिशाभूल आहे!"

"व्हई. पण रिकामी खुर्ची माले देखवत नही." मग दम खाऊन म्हणाले, "मन्ही सलमा, तिन्हं लगीन व्हतं. मन्ही एकुलती एक पोर. मी आख्ख्या पाचशे लावल्यात. त्याच दिनले मोठा शेठकडे लगीन, सारी बिरादरी तठे गयी. मन्हाकडे ऐंशी लोके. पोर सासरी गयी, आनी मी मंडपमां बठीसन रडाले लागनू. तुन्ही चाची उठनी. पहिली लाइनपाशीन एकेक खुर्चीवर बठत गयी. आख्ख्या पाचशे. दिवस बुडी गया. मंग म्हने, आते सांगा, कोणती रिकामी शे?"

चाची जाऊन चार वर्षं झाली.

माझ्या डोक्यात गणित उलगडायला लागलं. चाचीच्या हिशेबानं दिवसाला पाचशे. नव्वद हजारांना एकशे ऐंशी दिवस. वेम्बली, सहा महिने, बराबर.

मी टेम्पोवर चढलो आणि खुर्च्या खाली उतरवून मांडायला लागलो.

"काय करी ऱ्हायना रे?"

"बसतोय," मी म्हणालो, आणि पहिलीवर बसलो. उठलो. दुसरीवर बसलो.

चाचा नुसते मोजत राहिले. शंभरावर माझ्या मांड्या भरून आल्या. दीडशेवर मी गुडघे धरून टेकलो.

"ऊठ," चाचा म्हणाले. "तुन्ही चाची मधमां थांबनी नव्हती."