काडेपेटीबाबतचा ठराव

अमेरिकेत रेडमंडला हिवाळ्यात वीज जाते, म्हणून आमच्या अनयनं दोन हजार सहाच्या ऑक्टोबरात घरात समिती नेमली. अध्यक्ष तो, सचिव सूनबाई सावनी. मी तिच्या बाळंतपणाला आलेली, त्यात तिसरी नापास, म्हणून निमंत्रित. म्हणजे चहा करायचा आणि मत द्यायचं नाही.

समितीनं झपाट्यानं काम केलं. फायरप्लेससाठी लाकडं आली. बाहेर डेकवर स्वयंपाकाला कॅम्पिंगचा स्टोव्ह आला, त्याला गॅसची सहा नळकांडी. काय कधी पेटवायचं, याचा रंगीत तक्ता फ्रिजवर लागला.

नोव्हेंबरात नात झाली, इशिता. बाराव्या दिवशी माझ्या उदबत्तीनं छतावरचा धुराचा भोंगा बोंबलला आणि पोर दचकून रडली. तातडीची बैठक झाली. बाळाच्या सुरक्षेसाठी घरात आग लागेल असं काही नको, असा ठराव झाला. गॅसची नळकांडी राहिली, काडेपेटी कचऱ्यात गेली. देवापुढं सेलवरची समई आली.

"आई, सेम इफेक्ट आहे," अनय म्हणाला.

देवानं तक्रार केली नाही. तोही व्हिसावरच असावा.

डिसेंबरात वादळ झालं आणि दुपारी चारला वीज गेली. अनय खूश. तक्ता काढून म्हणाला, "स्टेप वन, लाकूड पेटवणे."

"कशानं?" मी विचारलं.

तक्त्यात ते नव्हतं. घरातली शेगडी विजेची, स्टोव्हला काडी हवी, दुकानाच्या रस्त्यावर झाडं आडवी. अनयनं सेलच्या समईवर कागद धरून पाहिला. कागद छान दिसला.

तासाभरात घर गारठलं. इशिताची बोटं थंड लागली, तशी सावनी रडकुंडीला आली. अनय शेजारच्या संजीवकडे निघाला, तर तोच दारात उभा.

"काकू, तुम्ही देवाचं करता ना," संजीव म्हणाला, "तेव्हा काडेपेटी असेलच म्हटलं."

मी उठले. बॅगेतल्या लुगड्याच्या घडीतून एक काढली.

"आई, अगं ही कुठली?"

"ठराव त्या एकाच काडेपेटीचा झाला होता."

लाकडं पेटली, डेकवर मऊ भात शिजला. पोर माझ्या मांडीवर ऊब लागून झोपली. संजीव चार काड्या घेऊन गेला, प्रसाद न्यावा तसा.

वीज आल्यावर समितीनं आपली चूक मान्य केली. काडेपेटीला अत्यावश्यक साधनाचा दर्जा मिळाला. ती हरवू नये म्हणून अनयनं भिंतीत खास तिजोरी बसवली. आकडे दाबले की उघडते. वीज असली तर.

हसताय? मग जरा उठा, दिवा घालवा आणि तुमची काडेपेटी शोधून आणा. मी बसलेय इथं.